तेविसावं पत्र

"उजवा हात म्हणजे हाच ना?" असं विचारून त्या बाईंनी टेबलावरचा माझा हात मनगटाशी धरला.

मी आवक नोंदवहीत लिहीत होतो. बोटांत पेन तसंच राहिलं. परक्या बाईने हात धरण्याचा प्रसंग माझ्यावर तोवर आलेला नव्हता, त्यामुळे तो सोडवून घ्यावा की तसाच ठेवावा हेही मला कळेना. मी "हो" म्हणालो.

"हा ह्यांना नव्हता," त्या म्हणाल्या, आणि माझा हात त्यांनी परत टेबलावर ठेवून दिला.

१९८४ सालचा जानेवारी होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. त्या काळात मी एका खासगी मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात कारकून होतो. तेहतीस वर्षांचा. ते कॉलेज आता वेगळ्या नावाने, वेगळ्या इमारतीत चालतं. बाई पंचावन्नच्या आसपासच्या. रिकामं कपाळ, चापूनचोपून नेसलेलं फिकं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची थैली काढली, थैलीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. अक्षर माझंच होतं.

"तासगावहून आले. यमुना वेदपाठक. हे तुमच्या इथनं आलं, बरोबर?"

"हो."

"हे वाचा. हितनं."

मला वाचायची गरज नव्हती. ते वाक्य मला पाठ होतं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं आणि स्वतःवर खूश झालो होतो. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. 'आयुष्यभर लोकांसाठी अक्षरं उमटवणारा त्यांचा उजवा हात आता आमच्या विद्यार्थ्यांना बोटांची भाषा शिकवत आहे.'

"सत्तावन्न साली ट्रेडल मशीनीत गेला हात," यमुनाबाई म्हणाल्या. "लग्नपत्रिका छापत होते. त्यानंतर मालकानं ह्यांना मुद्रितं वाचायला बसवलं. डाव्या हातानं खुणा करायचे. सव्वीस वर्षं मी ह्यांच्या सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचत आले. आणि तुम्ही लिहिता उजवा हात."

मी पेन खाली ठेवलं.

"परवा वर्षश्राद्ध होतं. पत्र त्याच दिवशी आलं. मला बरं वाटलं, म्हटलं बघा, विसरले नाहीत. धाकट्या दिरांना म्हटलं, मोठ्यानं वाचा. वीस माणसं होती पंगतीला. वाचता वाचता ते थांबले. परत वाचलं. मग म्हणाले, वहिनी, तुमच्या डॉक्टरांनी दादाला नवा हात लावला वाटतं." त्यांनी पत्राची घडी परत घातली. "एकदोघं हसले. मग कुणीच हसलं नाही. जावेनं पान तसंच ठेवलं. दीर म्हणाले, कुणा बेवारशाला दादा समजून फाडतायत, आणि दादाला कुठं फेकलंय कुणास ठाऊक."

"असं होत नाही हो, मावशी."

"मी आग दिली नाही ह्यांना. दिरांनी माझे पाय धरले होते, वहिनी, असलं करू नका. मी ऐकलं नाही. ह्यांनी फॉर्म भरला होता, मला शपथ घातली होती. आता मला बाकी काही नको. हे हितं आहेत की नाहीत, तेवढं सांगा."

*

हे पत्रांचं काय होतं ते आता सांगायला हवं.

विभागाच्या प्रमुख डॉ. इंदुमती केसकर. त्या काळात आपणहून देह देणारं माणूस विरळा. वर्षाला तीन, फार तर चार. बाकी सगळे बेवारस. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा घरांना एक छापील कार्ड जात असे. मॅडमनी ते बंद केलं. मला बोलावून म्हणाल्या, "आठल्ये, छापील आभार म्हणजे पोच. पोच पार्सलची देतात. या लोकांच्या घरी अस्थी नसतात, राख नसते, काही नसतं. वर्षश्राद्धाला घरात काहीतरी आलं पाहिजे. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही वाचताही म्हणे पुष्कळ. तुम्ही लिहा, मी सही करीन. फक्त एक करायचं. आत विच्छेदनाच्या हॉलमध्ये जायचं, त्या टेबलावरच्या मुलांना विचारायचं, या माणसाकडून तुम्ही काय शिकलात. ते सांगतील तेवढंच लिहायचं. बाकी नमस्कार-चमत्कार तुमचे."

पहिल्या पत्राच्या वेळी मी हॉलच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून मुलामुलींच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. फॉर्मलिनने डोळे चुरचुरले. दारावर हात ठेवून मी काय विचारायचं ते मनात जुळवलं. वाक्य जुळेना. तेवढ्यात आतून कुणीतरी येतंय असं वाटलं आणि मी परत फिरलो.

मग मी ते पत्र देहदानाच्या फॉर्मवरून लिहिलं. फॉर्मवर नाव, वय, व्यवसाय, वारसाचं नाव असे. गृहस्थ शाळामास्तर होते. मी त्यांच्या कंठाबद्दल लिहिलं. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "सुंदर." दुसरे पोस्टमन होते, त्यांच्या पायांबद्दल लिहिलं. सुईणीच्या तळहातांबद्दल लिहिलं. सात वर्षांत बावीस पत्रं झाली आणि मी एकदाही त्या दारातून आत गेलो नव्हतो. वेदपाठकांचं तेविसावं. फॉर्मवर 'मुद्रणालयात नोकरी' असं होतं. खाली सही वाकडीतिकडी होती. म्हातारपणाचा कंप असेल, असं मला वाटलं होतं. तो डाव्या हाताचा होता.

*

आता इतक्या वर्षांनी मला विचाराल तर मी त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मावशी, पत्रांची अदलाबदल झालेली दिसते. दुसऱ्या घरचं पत्र तुमच्या पाकिटात गेलं असेल."

मला वाटलं, यात कुणाचंच वाईट नाही. कागदाची चूक, कागदावर भागली.

यमुनाबाईंनी पत्राकडे पाहिलं. पत्रावर वर 'श्रीमती यमुनाबाई वेदपाठक यांस' असं होतं, आणि मध्ये कुठेतरी 'कै. बाळकृष्णरावांचा' असंही होतं. हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांनी मान वर केली होती.

"नाव तर ह्यांचंच हाय," त्या म्हणाल्या. "मग काय बदललं? माणूस बदलला?"

"तसं नाही—"

"म्हंजे तुमच्याकडं होते अदलाबदल." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. हातातली थैली त्या उगाच सरळ करत राहिल्या. "दीर बरोबर बोलले मग. मीच येडी. वीस माणसांत म्हटलं, डॉक्टर लोक चुकत नाहीत."

माझ्या खोटेपणामुळे हे झालं, हे मला दिसत होतं. तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता. असं मला आयुष्यभर होत आलं आहे. लागणारं वाक्य मला दोन दिवसांनी सुचतं.

दारात इब्राहिम मुजावर उभा होता. हॉलची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. टाक्या, टेबलं, नंबरचे बिल्ले. साठीला आलेला, मिरजेचा, बोलायला फटकळ. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"वेदपाठक ना?" तो म्हणाला. "चार नंबर टेबल. एका हाताचे बाबा."

यमुनाबाई गर्रकन वळल्या. "तुम्ही बघितलंय ह्यांना?"

"मावशी, मी रोज बघतो. सकाळी ओलं फडकं मी टाकतो अंगावर, संध्याकाळी मी. बिल्ला पायाच्या अंगठ्याला हाय. अदलाबदल आपल्यात होत नसती."

"कुठनं तुटलाय हात?"

इब्राहिमने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं. सात वर्षं मी त्या दारातून आत आलो नाही हे जगात एका माणसाला नक्की ठाऊक होतं, आणि तो हा.

"मी सांगून काय उपेग, मावशी. मी हितलाच माणूस. ऐकून सांगतोय म्हणाल. पत्र ज्यांनी लिवलं त्यांनीच जाऊन बघून यावं." मग मला म्हणाला, "जावा की, साहेब. कुणाला लिवता ते एकदा बघून तरी या."

"मला जाऊ द्या ना आत," यमुनाबाई म्हणाल्या.

"घरच्यांना नाही जाता येत, मावशी. मॅडमचा नियम हाय. तुम्हाला बघवणार बी नाही. वर्ष झालंय."

त्यांनी हॉलच्या दिशेला पाहिलं. मग मला म्हणाल्या, "जा. मी हितं बसते. कुठनं तुटलाय तेवढं बघून या. मी आधी सांगत नाही."

*

हॉल मोठा होता. उंच खिडक्या, आठ टेबलं, प्रत्येकाभोवती पांढऱ्या कोटातली दहा-बारा मुलं. मी जमिनीकडे बघत चाललो. शहाबादी फरशी, मधे पाण्याची पन्हाळ. नंबर टेबलाच्या पायावर रंगवलेले होते. तीन. चार. मी थांबलो. बोलणं थांबलं.

"आठल्येसर?" एक मुलगी म्हणाली. "आलात शेवटी."

तिचं नाव घोरपडे. फी भरायला आली होती तेव्हापासून मला ते नाव माहीत होतं. मी तिच्या कोटाच्या बटणाकडे बघत म्हणालो, "यांचा... उजवा हात."

"मनगटाच्या वर चार बोटं. जुना आहे. आधीच लिहून ठेवलंय आम्ही तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"ऑगस्टमधेच मॅडमनी सांगितलं होतं. आठल्ये विचारायला येतील, तेव्हा काय सांगायचं ते आठवून ठेवा, त्यांच्या घरी पत्र जातं. आम्ही वाट बघत होतो. म्हटलं, विसरायला नको." तिने शेजारच्या स्टुलावरचं पुस्तक उघडलं. त्यात वहीचं एक पान घडी करून ठेवलं होतं. पुस्तकाचे कोपरे पिवळे, तेलकट झालेले होते, पान स्वच्छ होतं. "वाचून दाखवू?"

"नको. द्या."

पलीकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, पहिल्यांदा आम्ही टेबल बदलून मागितलं होतं, तेही लिहिलंय. म्हणजे हात शिकायच्या वेळी एक हातच नाही म्हटल्यावर. नंतर उलट झालं. सगळी बॅच आमच्याकडे बघायला."

मी तिथेच उभं राहून वाचलं. नऊ-दहा ओळी असतील. वाचून झाल्यावर मान वर केली, तेव्हा टेबलावर काय आहे ते मला दिसलं. ओलं फडकं, त्याखालून बाहेर आलेलं एक कोपर आणि त्यापुढचा थोटा हात, आणि पुढे जिथे पंजा असायचा तिथे टेबल. तेवढंच मी पाहिलं.

*

परत आलो तेव्हा यमुनाबाई माझ्या खुर्चीसमोर तशाच ताठ बसलेल्या होत्या. इब्राहिमने आणलेला चहा समोर निवला होता.

"मनगटाच्या वर चार बोटं," मी म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताची चार बोटं उजव्या मनगटाच्या वर आडवी ठेवून पाहिली. मान हलवली. पण तोंड तसंच राहिलं.

"तेवढ्यानं दीर ऐकणार नाहीत. म्हणतील, आता त्यांनी विचारून घेतलं. असा हात दुसऱ्याचाही असंल. मळणी यंत्रात दरसाल दोघातिघांचे जातात."

"आणखी आहे. पण त्याआधी एक सांगतो." मी उभाच होतो. बसलो असतो तर बोललो नसतो. "पत्रांची अदलाबदल झालेली नाही. मघाशी मी खोटं बोललो. ते वाक्य मी मनाने लिहिलं. आत जाऊन विचारायचं असतं, ते मी विचारलं नाही."

"का?"

"आत जायला भीती वाटते."

"मेलेल्यांची?"

"नाही. जित्यांचीच जास्त. आत पुष्कळ मुलं असतात."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. दारातून इब्राहिम म्हणाला, "सात वर्सांत आज पहिल्यांदा गेले बघा, मावशी. तुमची पुण्याई."

"वाचा काय आणलंय ते," यमुनाबाई म्हणाल्या.

मी घोरपडेच्या अक्षरातलं ते पान वाचलं. हात कोपरापासून शिकताना मुलांना एक जाडसर नस लागली. ती हाताच्या पंज्याकडे जाणारी नस; पंजाच नाही म्हटल्यावर ती वाटेतच संपली होती, आणि संपली तिथे तिच्या टोकाला बोराएवढी गाठ होती. मॅडमनी आठही टेबलांच्या मुलांना एकेक करून ती दाखवली. तुटलेली नस पुढची वाट शोधत वाढते आणि स्वतःभोवतीच गुंडाळते, तिची अशी गाठ होते. ती जराशी दाबली गेली तरी माणसाला कळ येते, आणि ती कळ येते नसलेल्या बोटांत. 'लोकांना ते खोटं वाटतं,' असं पानावर लिहिलं होतं. 'पण या आजोबांचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं खरंच दुखत असणार. करंगळी नाही. करंगळीची नस वेगळी, तिला गाठ नव्हती. आम्ही पुढे डॉक्टर झाल्यावर कुणी नसलेलं बोट दुखतं म्हणाला तर हसणार नाही. हे आम्ही यांच्याकडून शिकलो. घरी कळवावे.'

यमुनाबाईंनी आपला उजवा तळवा मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"करंगळी नाही म्हणतात?"

"नाही, असं लिहिलंय."

"अंगठा, आणि ही दोन." त्यांनी एकेक बोट धरून दाखवलं. "करंगळीचं कधी नाव काढलं नाही. मी म्हणायचे सुद्धा, करंगळी बरी चांगली राहिली तुमची." त्यांनी तळवा मिटला. "हे हितंच आहेत."

"हो."

"हेच आहेत."

मला वाटलं, आता त्या उठतील, मोकळ्या होतील. मी पुस्तकात वाचलेल्या माणसांवरून माणसं ओळखत आलो आहे, त्यामुळे पुढचं मला अजिबात दिसलं नव्हतं.

"दुखायची मग," त्या म्हणाल्या.

मी ते पान टेबलावर ठेवलं.

"निजताना म्हणायचे, यमे, जरा दाब ग. मी म्हणायचे, काय दाबू? हवा? पेटलंय म्हणायचे, अंगठा कुणी पिरगाळतंय म्हणायचे. पहिली एकदोन वर्षं मी रडले. मग मला वाटायला लागलं, सोंग आहे. काम टाळायला. पाहुण्यांपुढं म्हणायचे मी, ह्यांची बोटं देवाघरी दुखतात. सगळी हसायची. हेही हसायचे." त्या थांबल्या. "मग बोलायचेच बंद झाले त्याबद्दल. मला वाटलं, थांबलं."

इब्राहिम दारातून निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात लांबपर्यंत येत राहिला.

*

मॅडम बाराच्या सुमाराला लेक्चर संपवून आल्या. हाताला खडूची पूड. काय झालं ते मी सांगितलं, मधे न थांबता; कसं जमलं माहीत नाही. त्यांनी यमुनाबाईंच्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, खालची स्वतःची सही पाहिली.

"ही गाठ मी स्वतः मुलांना दाखवली," त्या म्हणाल्या. "आणि त्याच माणसाच्या पत्रावर सही करताना मी वाचलं नाही. दोन वर्षं मी वाचतच नाही. आठल्यांचं अक्षर दिसलं की सही करते." मग यमुनाबाईंपुढे खुर्ची ओढून बसल्या. "चूक माझी आहे, वहिनी. माफी मागून ती भरून येणार नाही. काय करू सांगा."

"चांगल्या कागदावर लिहून द्या," यमुनाबाई म्हणाल्या. "त्या मुलीनं लिहिलंय तसंच. करंगळीचंही."

"घरी दाखवायला?"

"दिरांना दाखवीन. पण माझ्यासाठी द्या."

मी लेटरहेड घेतलं. मॅडम आणि यमुनाबाई समोर बसलेल्या, आणि मी लिहीत होतो. दोनदा एखादा शब्द आणखी घालावासा वाटला, हात थांबला, मी तो घातला नाही. पान अर्धंच भरलं. मॅडमनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, घोरपडेच्या पानाशी ताडून पाहिलं, मग सही केली. यमुनाबाईंनी आधीचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि हे थैलीत घातलं.

त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मॅडमकडे नाही, माझ्याकडे.

"तुम्हाला आत जाता येतं ना आता?"

"येतं."

"मग एक करा. जरा दाबून द्या ह्यांना. अंगठा, आणि ती दोन." मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "कळत नाही का मला. वर्ष झालं मरून. तरी द्या."

मी मान हलवली. त्या गेल्या. साडेबाराची तासगाव गाडी होती.

मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "आणि बाकीची?"

"सगळीच, मॅडम."

"बावीस?"

"हो."

पुढे आम्ही त्या बावीस जणांचं खरं शोधायचा प्रयत्न केला. ती टेबलं केव्हाच रिकामी झाली होती, बहुतेक बॅचमधली मुलं डॉक्टर होऊन कुठकुठे गेली होती. मी एकशे नऊ पत्रं पाठवली. अकरा जणांची उत्तरं आली. आठ जणांना काही आठवत नव्हतं. तिघांनी सांगितलेलं आम्ही त्या घरांना कळवलं. एकोणीस घरांत माझीच वाक्यं राहिली. कुणी ती काच लावून भिंतीवर टांगली असतील. पोस्टमनच्या मुलाने तसं मला कळवलंही होतं. त्याच्या वडिलांच्या पायांबद्दल मुलं खरंच काय शिकली असती, हे मी अजून झोप लागेपर्यंत मनात जुळवत असतो, आणि जुळत नाही. निवृत्त होईपर्यंत मी आणखी शहाऐंशी पत्रं लिहिली. प्रत्येकासाठी आत गेलो. भीती गेली नाही.

त्या दिवशी मुलं जेवायला गेल्यावर मी हॉलमध्ये गेलो. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. चार नंबरच्या टेबलापाशी उभा राहिलो. कुणी बघत नाही याची खात्री करून घेतली, आणि फडक्याच्या कडेपुढच्या रिकाम्या जागी, टेबलाच्या गार पत्र्यावर, बोटं टेकवली. किती जोराने दाबतात हे मला माहीत नव्हतं. मी कुणाचे हातपाय कधी दाबलेले नव्हते.

मागे इब्राहिम बादली घेऊन उभा होता. मी हात मागे घेतला.

"घेऊ नका," तो म्हणाला. त्याने बादली खाली ठेवली, शेजारी आला, आणि माझं मनगट धरून माझा हात वीतभर पुढे सरकवला. "हितं, साहेब. उंच होते बाबा. बोटं हितपर्यंत आली असती."